मदत हवी आहे : लोकरीच्या ब्लँकेटमधून मांजराच्या शूचा वास जात नाही

आमच्या बोक्याने शुद्ध लोकरीच्या, गडद निळ्या ब्लँकेटवर शू केली. डाग दिसत नाही, पण वास हटत नाही. कोरडं असताना नाक लावलं तरच जाणवतो. हवा दमट झाली की मात्र घडीतूनसुद्धा भपकन येतो. मूत्रातलं युरिक ॲसिड पाण्यात नीट विरघळत नाही, त्याचे खडे धाग्यात अडकून राहतात आणि ओल लागली की पुन्हा वास सुटतो, एवढं कळलंय.

आतापर्यंत थंड पाण्यात भिजवणं, पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून लावणं, खायचा सोडा रात्रभर भुरभुरवून ठेवणं, सावलीत वाळवणं, सगळं झालं. प्रत्येक वेळी वास कमी होतो आणि परत येतो.

ब्लीच वापरणार नाही: लोकर खराब होते, शिवाय मूत्रातल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू तयार होतो. गरम पाण्याने लोकर आटेल. सुगंधी तेलंही नकोत, बऱ्याच तेलांचा मांजरांना त्रास होतो. बोक्याची नसबंदी झालीय, डॉक्टरांनी तपासलंय, इन्फेक्शन नाही.

आता एन्झाइम क्लीनर उरलाय, आणि तिथेच गाडी अडलीय. त्यात बहुतेकदा प्रोटिएज असतं, ते प्रथिनं तोडतं, आणि लोकर म्हणजे प्रथिनच! सुती कपड्यांना ही अडचण नाही.

लोकरीवर एन्झाइम क्लीनर प्रत्यक्ष वापरलेलं कुणी आहे का? प्रोटिएज नसलेला मिळतो का, आणि तो किती वेळ ओला ठेवायचा?