मदत हवी आहे: गळाने मासेमारी आणि नौकाविहार दोन्ही रीतसर करता येईल असा जलाशय

नमस्कार,

येत्या डिसेंबरमध्ये सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना घेऊन पुण्याहून दोन-तीन दिवसांसाठी अशा जलाशयावर जायचे आहे, जिथे त्यांना काठावर निवांत गळ टाकून बसता येईल आणि मुलांना होडीतून फिरवताही येईल. वडिलांचे बालपण कृष्णाकाठी गेले. कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून गोळी करायची, मोरपिसाच्या देठाचा तरंगा किती खोलीवर बांधायचा हे पाणी पाहून ठरवायचे आणि तो पुरता बुडाल्याशिवाय काठीला झटका द्यायचा नाही, ही त्यांची पद्धत आजही कायम आहे.

पहिली पसंती तापोळ्याला आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात तापोळा आणि बामणोली येथून बोटी मिळतात, शिवाय कोयना, सोळशी आणि कांदाटी यांचा संगमही पाहता येतो. मात्र जलाशयाचा बराच परिसर कोयना अभयारण्यात म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतो आणि वासोटा किल्ल्यावर जायचे तरी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. अशा ठिकाणी गळ टाकण्यास नेमक्या कोणत्या काठावर मुभा आहे?

दुसरा पर्याय उजनीचा. भिगवणजवळच्या कुंभारगाव आणि डिकसळ येथे मच्छीमारांच्याच होड्यांतून पक्षी पाहता येतात आणि पाण्यात चिलापी (तिलापिया) मासा भरपूर आहे. मे २०२४ मध्ये वादळी वाऱ्यात याच जलाशयात बोट उलटून सहा जणांचा बळी गेला, त्यामुळे मुलांच्या मापाची जीवरक्षक जॅकेटे ठेवणारा नावाडीच हवा, भाडे जास्त पडले तरी चालेल. भंडारदऱ्याचाही विचार आहे, पण वडिलांना तिथली थंडी सोसेल का, ही शंका वाटते.

आपल्याकडे बहुतेक जलाशयांतील मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. हौसेने गळ टाकणाऱ्याने संस्थेची परवानगी घ्यावी, शुल्क भरावे आणि त्यांच्या जाळ्यांपासून दूर बसावे, हेच योग्य वाटते; कारण त्या पाण्यावर त्यांचे पोट आहे. ही परवानगी जागेवर मिळते की आधी अर्ज करावा लागतो? कोणी अलीकडे अशी परवानगी घेतली असल्यास शुल्क, काठीच्या संख्येवरील मर्यादा आणि धरलेला मासा घरी नेण्याबाबतचा नियम कृपया कळवावा. गळाला खडस (महसीर) मासा लागला तर तो पाण्यात परत सोडायचा, हे आमचे ठरलेले आहे.

गाडी काठाजवळ नेता येईल आणि वडिलांना निसरडा उतार उतरावा लागणार नाही, अशी जागा सुचवल्यास विशेष आभारी राहीन.