मग वाळूसुद्धा द्रवच का? (वय वर्षं ५)

बालवर्गाची_ताई

नमस्कार मंडळी. साडेचार ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवते. गेल्या आठवड्यात 'घन आणि द्रव' घेतलं. तयारी जय्यत होती. उंच पेला, पसरट ताट, निमुळती बाटली. तेच पाणी तिन्हींत ओतून दाखवलं आणि आपण सगळ्यांनी लहानपणी घोकलेलं वाक्य टाकलं: 'द्रवाला स्वतःचा आकार नसतो, तो भांड्याचा आकार घेतो.' मुलांनी एका सुरात म्हणूनही दाखवलं. मी खूश.

तेवढ्यात मागून एक मुलगी उठली. मधल्या सुट्टीत हिचा मुक्काम वाळूच्या हौदात असतो. म्हणाली, "ताई, वाळूपण बादलीत ओतली की बादलीसारखी होते. बाटलीत ओतली की बाटलीसारखी. मग वाळू द्रव आहे?"

मी म्हटलं, "नाही गं, वाळू घन."

"का?"

त्या 'का'पाशी माझी गाडी रुतली. "ती कोरडी असते ना, म्हणून" असं काहीतरी पुटपुटले आणि विषय बदलला. घरी आल्यावर आठवलं की पारा द्रव आहे आणि तो काचेला ओलंसुद्धा करत नाही. स्वतःचीच लाज वाटली.

दुसरं दुखणं असं, की उंच पेल्यातलं पाणी ताटात ओतलं तेव्हा निम्म्याहून जास्त मुलं म्हणाली, "कमी झालं." त्यांच्या डोळ्यांदेखत ओतलं, थेंब सांडला नाही, तरी कमी झालं! परत पेल्यात ओतलं, तर "आता जास्त झालं." तीनदा केलं. शेवटी एकाने जाहीर केलं की ताई जादू करतात.

तर दोन प्रश्न. वाळूचं काय सांगू? आणि ओतताना माझं चुकतंय कुठे? कृपया रेणूंपर्यंत जाऊ नका. 'रेणू' म्हटलं की वर्गातली एक मुलगी 'हजर' म्हणते.

दोन_पोरांची_आई

दुसऱ्या प्रश्नाला हात लावू नका हो! माझ्या घरातली शांतता त्यावरच उभी आहे. धाकट्याला उंच बारीक पेला, मोठ्याला बुटका रुंद. सरबत दोघांना सारखंच. धाकट्याला वाटतं आपल्याला जास्त मिळालं, मोठा गालातल्या गालात हसतो. ज्या दिवशी धाकट्याला उमगेल, त्या दिवसापासून मला मापाने ओतावं लागणार.

निवृत्त_मास्तर

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, कारण तिथे तुमचं काहीच चुकलेलं नाही. या वयाची मुलं 'किती' हे उंचीवरून ठरवतात. ज्याँ पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांसमोर असंच पेल्यांतून पाणी ओतून हे दाखवलं. साधारण सात वर्षांच्या आसपास उंची आणि रुंदी दोन्हींचा मेळ मुलांच्या डोक्यात बसतो. त्याआधी तुम्ही दहादा ओतलंत तरी दहादा 'कमी झालं'च ऐकाल. वाद घालू नका. एक छोटी वाटी द्या आणि मोजून ओतू द्या: पेल्यात सहा वाट्या, ताटातही सहा वाट्या. माझा नातू सहा मोजून झाल्यावर म्हणाला, "सहाच आहेत, पण कमी सहा आहेत." मी मान डोलावली. काय करणार?

आता वाळू. त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या, कारण तिने आपल्या घोकलेल्या वाक्याचं भोक दाखवलं. ३१ वर्षं माध्यमिकच्या वर्गांना मी तेच वाक्य फळ्यावर लिहून देत आलो. एकानेही वाळूचं विचारलं नाही. तेराव्या वर्षी मुलं विचारायची थांबलेली असतात.

तिला सांगू काहीच नका, करायला द्या. दोन ताटल्या घ्या. एकीत मधोमध कोरडी वाळू ओतायला लावा, दुसरीत पाणी. वाळूचा ढीग होतो आणि तो तसाच राहतो. कितीही हळू ओता, उतार साधारण ३० ते ३५ अंशांच्या आसपास येऊन थांबतो. पाण्याचा ढीग करून दाखव म्हणावं! पाच मिनिटं सगळा वर्ग त्यातच रमेल.

पण खरी गंमत पुढे आहे. मेणकागद किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत तुकडा घ्या. ड्रॉपरने दोन थेंब शेजारी-शेजारी ठेवा, एक लाल पाण्याचा, एक निळ्या. दात कोरायच्या काडीने एकाला दुसऱ्याकडे हळूच ढकला. अगदी जवळ येईपर्यंत काही होत नाही. कडेला कड टेकली रे टेकली की टपकन एक होतात, मध्ये क्षणभर मानेसारखी बारीक पट्टी दिसते आणि मग एकच मोठा जांभळट थेंब. आता विचारा, "यातला तुझा कुठला?" नंतर वाळूचे दोन कण तसेच ढकला. ढकलत राहा. दोनाचे दोनच राहतात. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक कण आपापल्या कोपऱ्यांसकट जसाच्या तसा. वाळू बादलीचा आकार घेते, पण कण कुणाचाच आकार घेत नाही. हे त्या मुलीच्या 'का'चं उत्तर आहे आणि ते तिलाच सापडेल.

थेंबांवरून आठवलं. 'द्रवाला आकार नसतो' हेही अर्धंच खरं. लहान थेंब गोल का असतो मग? पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो आणि थेंबाला आवळून धरतो. आपण 'अळवावरचं पाणी' म्हणतो ते काय उगाच? पानावर मेणासारखा बारीक खडबडीत थर असतो, त्याला पाणी चिकटत नाही आणि मोत्यासारखं घरंगळतं. अंतराळयानात तर पाण्याचा चक्क मोठा गोळा तरंगतो, भांडं नको नि काही नको. म्हणजे भांड्याचा आकार द्रव एकटा घेत नाही, गुरुत्वाकर्षण त्याला घ्यायला लावतं. हे मुलांना सांगायची गरज नाही. तुम्हाला ठाऊक असलेलं बरं, कारण ती मुलगी उद्या तेही विचारेल.

अजून एक प्रयोग, माझा सगळ्यात लाडका. झाकणाची पारदर्शक बाटली रंगीत पाण्याने अर्धी भरा. कागदावर तिरकी बाटली रेखाटून द्या आणि विचारा, "आत पाणी कुठवर असेल, रेघ मार." नातवाने बुडाला समांतर रेघ ओढली, जणू पाणी बुडाला डिंकाने चिकटलंय. मी खरी बाटली तिरकी करून समोर धरली. पाहिलं आणि परत तीच रेघ! पियाजे आणि बेर्बेल इनहेल्डर यांनी मुलांमध्ये हेच पाहिलं होतं, आणि पुढे असंही दिसलं की बरीच मोठी माणसंही इथे चुकतात. तिसऱ्या दिवशी तो हनुवटी टेबलावर टेकवून बसला, एक डोळा मिटला आणि बाटली स्वतःच हळूहळू कलंडवू लागला. "आजोबा, बाटली पडते पण पाणी झोपूनच राहतं." ते वाक्य मी डायरीत लिहून ठेवलंय. माझ्या ३१ वर्षांच्या व्याख्येपेक्षा सरस आहे.

तेलकट_शंका

मास्तर, सुरेख. एका सापळ्याची भर घालतो. तिरक्या ट्रेवर पाणी, तेल आणि मध यांची शर्यत सगळेच लावतात. पाणी जिंकतं, मध शेवटी. मुलं लगेच म्हणतात, "मध जड आहे म्हणून हळू." आणि आपण 'बरोब्बर' म्हणून मोकळे होतो. नका म्हणू. तिथेच थांबून तेल पाण्यात ओता. तेल पाण्याच्या मागे राहिलं होतं ना, मग ते जड हवं. पण ते तर वर तरंगतं! लिटरभर पाणी १००० ग्रॅम, खाद्यतेल साधारण ९२० आणि मध १४०० च्या आसपास. दाट असणं वेगळं, जड असणं वेगळं. मोठ्यांच्या भाषेत विष्यंदिता आणि घनता. मुलांपुरतं 'चिकट' आणि 'जड' पुरे. मधाची बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवून शर्यत परत लावा. वजनात म्हणावा असा फरक नाही, पण धाव बघा.

आणि एक कळकळीचं. रंगीत साबणपाणी कधीही प्यायच्या पेल्यात ठेवू नका. चार वर्षांच्या पोराला ते सरबतच वाटतं. प्रयोग संपला की बादली लगेच रिकामी करा. लहान मूल चार बोटं पाण्यातही बुडू शकतं. बाकी पसारा झाला तर होऊ द्या.

बालवर्गाची_ताई

मास्तर, काल थेंब केले. मेणकागदाचे चौकोन कापून जोडीला एक दिला, प्रत्येकाला आपल्या रंगाचा एक थेंब. ढीगही केले. पाण्याचा ढीग करायला एकाने दोन्ही हातांनी पाणी मधोमध गोळा केलं, हात काढले, पुन्हा गोळा केलं. सात-आठ वेळा. मग ताटलीवर रुसला.

वाळूवाली मुलगी भिंगाला डोळा लावून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ही वाळू नाहीये. हे खूप सारे दगड आहेत." मी काही बोलले नाही. ती पुढे म्हणाली, "दगड ओतता येतात, पण ते एकमेकांत जात नाहीत." वर्गाच्या भिंतीवर आता हेच लिहिलंय, छापील तक्ता काढून ठेवला. दुपारी तिने विचारलं की साबणाचा फेस कशात येतो, त्याचा तर ढीग होतो. सध्या 'पाण्यात कोंडलेली हवा' असं सांगून वेळ मारून नेली आहे, सविस्तर लिहाल का?

आणि एक घोळ झाला. लाल थेंबवाला मुलगा दोन थेंब एक झाल्याबरोबर भोकाड पसरून रडायला लागला. "माझा लाल परत दे." निळ्यावाली घाबरून म्हणते, "माझ्याकडे नाहीये रे, बघ." दोघांनी मिळून काडीने तो जांभळा थेंब फोडून पाहिला. दोन झाले, दोन्ही जांभळे. मग तर दोघंही रडली. आज त्याला ड्रॉपरने नवा लाल थेंब दिलाय. तो काल सबंध तास ज्या कागदावर वाकून बसला होता, त्याच कागदावर मागितला, दुसऱ्यावर नको म्हणाला.

दोन_पोरांची_आई

त्याला माझ्याकडून एक उंच पेला.