आतला लाईट एकाच दाराला लागत नाही, बाकी तिन्ही दारांना लागतो – काय बघू?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, पहिल्यापासून आमच्याकडेच, चिपळूणला अंगणात उघड्यावर उभी असते. छतावरच्या मधल्या लाईटचं बटण डोअरवर ठेवलं की ड्रायव्हरचं दार उघडल्यावर लागतो, मागची दोन्ही दारं उघडली तरी लागतो, पण पुढचं डावं दार उघडलं की काळोख. ऑनवर केला की लख्ख लागतो. गणपतीत सुरू झालं हे, तेव्हा दार दोनतीनदा उघडबंद केलं की यायचा, आता दिवाळी आली तर अजिबातच नाही.

एवढ्याशा लाईटसाठी विचारतोय कारण त्या सीटवर बाबा बसतात. आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, पहाटे पाचला निघतो, तेव्हा मिट्ट काळोख. काठी कुठे टेकवायची, पाय कुठे ठेवायचा, पट्ट्याचं बक्कल कुठंय, सगळं चाचपडत. मग मी आधी हात घालून लाईट ऑन करतो, आणि उजाडल्यावर तो चालू आहे हे कळतच नाही. मागे तसाच राहिला, दुपारी आलो, गाडी दोन दिवस उभी, आणि ऐन डायलिसिसच्या पहाटे स्टार्टर नुसता टकटक. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर लावून निघालो पण बाबांना तासभर थंडीत बसावं लागलं ते मनाला लागलंय.

म्हणून मग एलईडी बल्ब आणून टाकला, म्हटलं राहिला तरी बॅटरी कमी खाईल. तर आता सगळी दारं बंद असताना पण तो एलईडी रात्री अगदी बारीक मिणमिणतो. गॅरेजवाले म्हणाले पूर्ण लाईटचा सेट बदला, नाहीच झालं तर वायरिंग खोलू. सेट बदलू का? घरी काही करण्यासारखं असेल तर सांगा, माझ्याकडे स्क्रू ड्रायव्हर आणि साधा मल्टीमीटर आहे.

तात्या_ऑटोइलेक्ट्रिक
दादा सेट अजिबात बदलू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातच उत्तर आहे. ऑनवर लागतो म्हणजे फ्यूज चांगला, बल्ब चांगला, वरपर्यंत करंट येतोय. तीन दारांना लागतो म्हणजे बटणाचा डोअरचा पॉइंट पण चांगला. राहिलं काय, फक्त त्या चौथ्या दाराचा स्विच आणि त्याची वायर.

हे नीट समजून घ्या म्हणजे कुणी फसवणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत या लाईटला प्लस कायम असतो, चावी काढली तरी. दार उघडल्यावर जे जोडलं जातं ते अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडलेली गाडीची लोखंडी बॉडी. दाराच्या चौकटीत खांबाला रबरी टोपीची एक पिन असते ना, दार बंद झालं की ती दाबली जाते आणि अर्थ तुटतो, दार उघडलं की पिन बाहेर येते आणि अर्थ मिळतो. आणि हा अर्थ येतो कुठून, तर ज्या एका स्क्रूने तो स्विच बसवलाय त्या स्क्रूमधून, बॉडीतून. स्क्रूला गंज चढला की स्विच आतून ठणठणीत असला तरी लाईट लागणार नाही. माझ्याकडे पावसाळा संपला की या कामाच्या गाड्या येतात आणि दहातल्या सात-आठ नुसत्या पॉलिश पेपरने घासून परत जातात.

आता काय करायचं. बटण डोअरवर ठेवा, बाकी दारं बंद, डावं उघडं. पिनच्या बाजूचा स्क्रू काढा, स्विच हळू बाहेर ओढा. मागची वायर सोडण्याआधी तिला दोरा बांधा, हे विसरू नका, वायर सुटून खांबाच्या आत पडली तर ट्रिम उघडत बसावं लागतं. मग वायरचा टोकाचा पत्रा बॉडीच्या उघड्या लोखंडाला टेकवा, रंगावर नाही, रंगावर अर्थ मिळत नाही. लाईट लागला की वायर चांगली, दोष स्विच नाहीतर स्क्रूचा. नाही लागला तर वायर कुठेतरी तुटलीय. स्विचला दोन वायरी असतील तर बॉडीला टेकवू नका, त्या दोघीच एकमेकींना जोडून बघा.

आणि वरच्या लाईटचं कव्हर उघडून आत लोखंडी स्क्रू ड्रायव्हर फिरवणार असाल तर आधी फ्यूज काढा. तिथे प्लस कायम आहे, पत्रा बॉडीला लागला की फ्यूज उडतो, आणि बऱ्याच गाड्यांत त्याच फ्यूजवर घड्याळ आणि टेपची मेमरी पण असते, मग एकाचे तीन प्रॉब्लेम.

सह्याद्री_ड्राईव्ह
तात्यांनी सांगितलं ते बरोबर, फक्त एक भर. नवीन गाड्यांत ही पिन दिसतच नाही, स्विच दाराच्या लॉकच्या आतच असतो. माझ्या गाडीत असंच एकाच दाराला लाईट लागेना, वर मीटरवर दार उघडं असल्याची खूण पण येईना. लॉक बदलायला सांगितलं होतं. शेवटी दार आणि खांब यांच्यामध्ये जी रबरी नळी असते, कोंबडीच्या मानेसारखी, ती सरकवून बघितली तर आत वायर तुटलेली. बाहेरचं प्लास्टिक शाबूत, आतलं तांबं तुटलेलं, दिसायला धडधाकट. दार रोज दहा वेळा उघडतं, वायर रोज तिथेच वाकते. हळूच ओढली तर प्लास्टिक रबरासारखं ताणलं गेलं, तेव्हा कळलं. काका तुम्ही मीटरवरची खूण येते का ते सांगा. आणि २०२१ च्या पुरात गाडी बुडाली होती का? तसं असेल तर कार्पेटखालचे कनेक्टर पण बघावे लागतील.

मीटरवाली
एलईडी मिणमिणतो त्याबद्दल लिहिते, कारण त्यावरून लोक उगाच घाबरतात. फिलामेंटचा बल्ब तापून लाल व्हायला बराच करंट लागतो, थोडासा करंट गळत असेल तर तो काळाच राहतो, तुम्हाला कळत पण नाही. एलईडीला मात्र तेवढा थेंबभर करंट पुरतो. हा येतो कुठून? नवीन गाडीत आतला लाईट कॉम्प्युटर मॉड्यूल चालवतं, हळूहळू विझवतं वगैरे, तिथून येतो. तुमची जुनी आहे, तर माझा संशय त्याच ओल्या दारावर. स्विचमध्ये मीठ-ओल साचली की तिच्यातूनच थोडा अर्थ मिळत राहतो. म्हणजे तो स्विच नीट जोडतही नाही आणि नीट तोडतही नाही. रात्री तो स्विच काढून वायर मोकळी ठेवून बघा, मिणमिण गेली तर सापडलं.

बॅटरीचा हिशोब पण सांगते. जुना बल्ब बहुतेक १० वॅटचा असेल, १२ व्होल्टला म्हणजे साधारण ०.८ अँपिअर. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवर. दोन दिवस लाईट राहिला म्हणजे जवळजवळ ३८ अँपिअर-अवर गेले, बॅटरी संपणारच, त्यात तुमची काही चूक नाही. मिणमिणणारा एलईडी काही मिलीअँपिअर सुद्धा घेत नाही, त्याने बॅटरी उतरणार नाही. तरी बॅटरी उतरते असं वाटलं तर मल्टीमीटर १० अँपिअरच्या पॉइंटवर लावून बॅटरीच्या मायनसमध्ये सिरीजमध्ये घाला, म्हणजे मायनसची वायर सोडून तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये, दारं बंद करून अर्धा तास थांबा, ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर निश्चिंत. पण मीटर जोडलेला असताना चुकूनही स्टार्टर मारू नका.

वाशिष्ठीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. पुरात गाडी बुडाली नाही, २१ जुलैच्या रात्रीच वर चढावर नेऊन लावली होती. मीटरवरची खूण ड्रायव्हरच्या दाराला येते, डाव्याला नाही, पण ती आधी यायची का ते आठवत नाही.

आज सकाळी उघडलं. रबरी टोपी हात लावताच तुकडे होऊन हातात आली. खाली पिनच्या कडेने हिरवट पांढरी पूड, आणि स्क्रूच्या डोक्यावर तांबडा चिखल वाळून असा घट्ट बसलेला की खाच सापडेना, आधी सुईने कोरून काढली. स्क्रू निघाला तो अर्धा गंजलेला. दोरा बांधला तात्या, आणि बरं झालं बांधला, वायर लगेच आत सरकली होती. वायर बॉडीला टेकवली तर लाईट लागेना. घाबरलोच. मग लक्षात आलं मी रंगावर टेकवतोय, स्क्रूच्या भोकाच्या कडेला थोडं घासलं, चकाकी आली, टेकवली, लख्ख.

स्विच घासून बसवला तर तीनदा लागला चौथ्यांदा नाही, पिनची स्प्रिंगच मेलीय बहुतेक. बाजारातून नवीन आणला, शंभराच्या आत मिळाला, स्क्रू पण नवीन घेतला. भोक घासलं होतं तिथे परत गंज धरू नये म्हणून स्क्रू घट्ट केल्यावर वरून थोडं व्हॅसलीन लावलंय, चालेल ना? रात्री बघितलं, एलईडीची मिणमिण पण गेली. मीटरवाली ताई तुमचा संशय बरोबर निघाला.

तात्या_ऑटोइलेक्ट्रिक
चालेल. घट्ट केल्यावर लावलंत ते बरोबर, आधी मधे भरलं तर त्याचाच अडथळा होतो. बाकीच्या तिन्ही दारांच्या टोप्या पण आताच बघून घ्या, त्याच वयाच्या आहेत.

देवरुखची_स्वाती
मध्येच विचारते, माझा उलटा प्रॉब्लेम आहे, लाईट विझतच नाही, डोअरवर ठेवला की कायम चालू, म्हणून ऑफच ठेवते.

तात्या_ऑटोइलेक्ट्रिक
ताई, चारपैकी एक पिन दाबली जात नाही किंवा दार पूर्ण लागत नाही. बटण डोअरवर ठेवून एकेक पिन बोटाने पूर्ण आत दाबून धरा, बाकी दारं लावलेली हवीत. जी पिन दाबल्यावर विझेल, दोष तिचाच. टोपी झिजून सपाट झाली असेल तर दार लागूनही पिन तेवढी दबत नाही, नवीन टोपी बसवली की काम होतं. डिकीला पण स्विच असतो बऱ्याच गाड्यांत, तो विसरू नका.

वाशिष्ठीकाठ
आज पहाटे डायलिसिसला निघालो. दार उघडलं, लाईट लागला, बाबा काठी आत ठेवून स्वतःचे स्वतः बसले, बक्कल पण स्वतःच लावलं. टोप्या चारही बदलून घेतल्या.