प्रतिसाद: नक्कल केली तीही नापास विमानाची

दुसऱ्या महायुद्धात जपानला चार इंजिनांचं बॉम्बर जमलंच नाही, असं म्हटलं जातं; ते अर्धंच खरं आहे. नाकाजिमा या जपानी विमान बनवणाऱ्या कंपनीचं 'रेन्झान' बॉम्बर ऑक्टोबर १९४४ मध्ये उडालं होतं. बनली मात्र चारच, आणि जून १९४५ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. ॲल्युमिनियमची इतकी चणचण होती की पोलादी आवृत्तीचाही विचार झाला!

खरा वेळ वाया गेला तो नाकाजिमाच्याच आधीच्या चार इंजिनी बॉम्बरवर, 'शिन्झान'वर. १९३९ मध्ये जपानी प्रवासी विमानसेवेने अमेरिकेच्या डग्लस कंपनीचं डीसी-४ई हे प्रवासी विमान विकत घेतलं आणि ते गुपचूप नाकाजिमाकडे अभ्यासाला गेलं; त्यावरूनच शिन्झान बेतलं. पण फार गुंतागुंतीचं आणि खर्चिक म्हणून डग्लसनेच ते मॉडेल सोडून दिलेलं. अमेरिकेने ते इतक्या सहज का विकलं, हा प्रश्न कुणाला पडला नसावा. शिन्झान बोजड निघालं. सहा बनली, त्यातली चार शेवटी मालवाहतुकीला लावली.