माळ्यावरची पितळ-तांब्याची भांडी: ठेवायची की मोडीत घालायची?

गोदाकाठ_१२ (धागाकर्ते)
दिवाळीची आवराआवर तोंडावर आली आहे, म्हणून हा वाद एकदा होऊन जाऊ द्या. माझं म्हणणं सरळ आहे: वर्षभरात ज्याला हात लागला नाही, ते घराबाहेर. पितळी पातेली, तांब्याचे हंडे, घंगाळ, पाणी तापवायचा बंब, सगळ्यांना हाच नियम. फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराचा माळा धरा दहा फूट लांब, दोन फूट खोल. त्यातला निम्मा जर अशा भांड्यांनी अडवला, तर डाळी-तांदळाचे डबे जमिनीवर येतात. जड भांडं उतरवायला शिडी लागते आणि खाली धरायला दुसरा माणूस. म्हणून ते उतरत नाही, उतरत नाही म्हणून वापरात येत नाही. भांडी बाजार इथं नाशकातच आहे, मोडीला गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागत नाही. काढून टाका.

तांबटआळी
नियमच चुकीचा लावताय. वर्षभराचा नियम चार्जर, बरण्या, आइस्क्रीमचे डबे, साड्यांची खोकी यांना ठीक. धातूच्या भांड्याला दुसरा प्रश्न विचारायचा: गेलं तर परत आणायला काय पडेल?

मोडीत देताना धातूचा भाव मिळतो, तोही घट (वजनातली कपात) कापून. नवं घेताना धातूचा भाव, वर घडणावळ, वर कर. म्हणजे एकाच भांड्याची घडणावळ तुम्ही दोनदा सोडता. शिवाय जुन्या पातेल्याची जाडी आजच्या हलक्या मालात सहसा मिळत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात आच सगळीकडे सारखी पसरते, म्हणून खीर, बासुंदी, आमरस आटवणं यात बूड लागत नाही. पातळ स्टीलमध्ये ज्योतीच्या वर तेवढंच करपतं.

गोदाकाठ_१२
आणि कल्हई, भांड्याच्या आतला मुलामा? ती कोण करून देणार, दर किती दिवसांनी? कल्हई उडालेल्या पितळेत ताक, चिंचेची आमटी, टोमॅटोचं सार ठेवलं की कळकतं. हिरवट डाग म्हणजे नुसता मळ नव्हे, तांब्याचे क्षार आहेत. पोटात गेले की मळमळ, उलट्या. जे भांडं वापरण्याआधी दुरुस्त करावं लागतं, ते भांडं नव्हे, काम आहे.

तांबटआळी
कल्हईचा मुद्दा बरोबर, पण अर्धा. आधी भांडी वेगळी करा.

पाणी साठवायचा तांब्याचा हंडा-कळशी: कल्हई लागत नाही, फक्त लिंबूपाणी किंवा सरबत त्यात नको. पूजेची ताम्हणं, समया, पराती: कल्हईचा प्रश्नच नाही. पिठाची पितळी परात कोरड्या कामाला चालते, तिच्यात दही-ताक घालून भिजवायचं नाही. राहिली स्वयंपाकाची पातेली. कल्हई फक्त त्यांना, आणि घरात अशी दोन-तीन पुरेत. बाकीची मोडीत घाला, माझी हरकत नाही.

कल्हई म्हणजे कथलाचा थर. भांडं आधी आतून साफ हवं, मग भट्टीवर तापवतात, नवसागर (एक क्षार) टाकला की पांढरा धूर निघतो आणि पृष्ठभाग स्वच्छ होतो. त्यावर कथील टेकवून कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं आणि लगेच पाण्यात. चूक होते ती तीन ठिकाणी. भांडं नीट साफ केलेलं नसेल तर कथील धरत नाही, ठिपके राहतात. आच जास्त झाली तर थर पिवळट पडतो. आणि कथलात शिसं मिसळलेलं असेल तर सगळंच फुकट, कारण ते अन्नात उतरतं. शुद्ध कथलाची कांडी वाकवली की चुरचुर आवाज करते. कांडी हातात घेऊन वाकवून बघायला मागा, चांगला कारागीर नाही म्हणणार नाही.

कल्हईची भांडी जातात ती बहुतेक वापरणाऱ्याच्या चुकीनं. कथील २३२ अंशाला वितळतं, म्हणून रिकामं भांडं गॅसवर ठेवायचं नाही, त्यात रवा-शेंगदाणे कोरडे भाजायचे नाहीत. तळण आणि कडक फोडणी लोखंडी कढईत. आतून चिंच, तारेची घासणी, पितळेची पावडर नको. साबण आणि नारळाची काथ बस. बाहेरून काय हवं ते लावा. आत लालसर किंवा पिवळा चट्टा दिसला की त्याच दिवशी थांबायचं.

पंचवटीवाला
सिंहस्थ कुंभमेळ्याला पाहुणे येणार म्हणून गाद्या, मोठी पातेली, बादल्या सगळं ठेवलेलं असतं. २०१५ नंतर आता २०२७. बारा वर्षं एक गादी माळ्यावर! ‘लागेल कधीतरी’ याचा यापेक्षा मोठा नमुना नाशकाबाहेर सापडणार नाही.

रामकुंड_कट्टा
@पंचवटीवाला, गादीत काय भरलंय त्यावर अवलंबून आहे ना. कापूस असेल तर उन्हात टाका, गोळे झाले असतील तर पिंजून घ्या, नवी खोळ घाला, काम झालं. थोडा कापूस धुळीत जातो, तेवढा वर घालावा लागतो. फोमला दुसरा जन्म नाही. दाबून सोडा, खड्डा तसाच राहिला किंवा चुरा पडला तर ती आत्ताच काढा, सिंहस्थाची वाट बघू नका. पावसाळ्यात बंद माळ्यावर दोन्हींना ओल लागते, म्हणून प्लास्टिकमध्ये गच्च बांधायचं नाही, जुन्या चादरीत गुंडाळायचं. आणि गोधड्यांना वर्षाचा नियम लावताना डिसेंबर-जानेवारी पार पडू द्या. मे महिन्यात गोधड्या मोजणारा माणूस थंडीत कुडकुडतो.

गोदाकाठ_१२
बरं, दोन पातेली ठेवतो असं धरू. मग निदान यावर तरी एकमत करा, की हे ठेवायचं नाही: खरवडलेला नॉनस्टिक तवा, बूड फुगलेला कुकर (सपाट फरशीवर ठेवून ढकला, डुलला तर गेला), झाकण न बसणारा स्टीलचा डबा, जुना मिक्सर.

तांबटआळी
मिक्सर सोडून मान्य. मिक्सर फिरत नाही म्हणजे मोटर गेली असं नसतं. बरेचदा भांड्याखालचा किंवा मोटरवरचा रबराचा कपलर झिजलेला असतो, सुटा मिळतो. भांडं न लावता मोटर चालवा: आवाज सरळ असेल तर ठेवा, जळका वास आला तर द्या. कुकरचंही, नुसती झाकणातून वाफ गळते म्हणून टाकू नका, आधी गॅस्केट बदला.

जुनं_नाशिक
@गोदाकाठ_१२, विकायचंच ठरलं असेल तर चुंबक घेऊन बसा. तांब्या-पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे: बऱ्याच पातेल्यांच्या वळलेल्या कडेत तार असते, कान लोखंडी असतात, काही ‘तांब्याचे’ तांबे नुसत्या मुलाम्याचे असतात. हे आधी माहीत असलं की घट किती कापायची यावर दुकानात वाद घालता येतो. तांबं आणि पितळ एकत्र तोलू देऊ नका, तांब्याचा भाव जास्त. कासं असेल तर तेही बाजूला. घासून चकचकीत करून नेऊ नका, वजनालाच पैसे आहेत. स्टीलवर मात्र चुंबकाची परीक्षा करू नका. चांगलं स्टील आणि हलकं स्टील, दोन्ही सहसा चुंबकाला दाद देत नाहीत.

गोदाकाठ_१२
बंबाचं काय? फ्लॅटमध्ये त्याचा उपयोग शून्य. बंद बाथरूममध्ये कोळसा पेटवणं म्हणजे जिवाशी खेळ.

तांबटआळी
इथे तुमची बाजू घेतो. पेटवायचा नसेल तर ठेवायचं कारण नाही. पण मोडीत नको. हातमठारीचा (हातानं ठोकून घडवलेला) अख्खा बंब शोभेसाठी घेणारे लोक आहेत, ते वजनावर भाव करत नाहीत. झाकण, तोटी, मधली नळी आणि खालची जाळी एकत्र बांधून ठेवा. यातलं एक हरवलं, की त्याला पुन्हा तांब्याचाच भाव.