व्हिगान : शिंपल्याच्या खिडक्या आणि गुलामीचं प्रदर्शन

पायवाट : काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "फिलिपिन्समधलं व्हिगान म्हणजे गुलामीचं प्रदर्शन. युनेस्कोने १९९९ मध्ये जागतिक वारशाचा शिक्का मारला, की लागले सगळे नाचायला." गप्प बसणार होतो, जमलं नाही. गाव १५७२ मध्ये साल्सेदो या स्पॅनिश सेनानीने वसवलं, मान्य. पण तिथल्या कॅये क्रिसोलोगो या रस्त्यावरचे वाडे बांधले ते निळीच्या-तंबाखूच्या व्यापारात गब्बर झालेल्या चिनी-स्थानिक मिश्र घराण्यांनी. खाली जाड विटांच्या भिंती, वर लाकडी मजला, सरकत्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याचे चौकोन. असं घर स्पेनमध्ये दाखवा, मी धागा उडवतो.

कडूनिंब : ती पोस्ट माझीच. वाडे शेठजींचे, मग नीळ पिकवणाऱ्याची झोपडी कुठाय? १८०७ मध्ये उसाच्या दारूवरच्या सरकारी मक्तेदारीविरुद्ध त्याच भागात बंड झालं. ते कुठल्या सेल्फीत दिसतं?

पायवाट : व्हिगानच्या संग्रहालयातच दिसतं! त्या बंडाची १४ चित्रं आहेत तिथे. शिवाय स्पॅनिशांनी १८७२ मध्ये देहदंड दिलेल्या फादर बुर्गोस यांचं घरही याच गावात जपलंय. वाचून लिहीत जा.

म्हापशेकर : शिंपल्याच्या खिडक्यांचं कौतुक आम्हाला नका सांगू. आमच्या आजोळी गोव्यात होत्या. दुपारी खोलीत दुधासारखा उजेड. मामाने ॲल्युमिनियमच्या बसवल्या, जुन्या भंगारात. फर्नांडिसांच्या लग्नात कळलं, तेव्हा जेवण गेलं नाही मला.

सोबतीण : जेवण गेलं नाही म्हणे! मी अशा घरात सून म्हणून १२ वर्षं काढलीत. पावसाळ्यात दिवसा दिवे लावायचे, एक शिंपला तडकला की बसवणारा माणूस मिळत नाही. तुम्ही मे महिन्यात आंबे खायला येणार!

म्हापशेकर : वहिनी, म्हणून भंगारात?

सोबतीण : पैसे तुम्ही पाठवले होते का दुरुस्तीला?

कडूनिंब : वहिनींना +१. जपायचं सगळ्यांना, खर्च घरमालकाला. २०२२ च्या भूकंपात व्हिगानच्या जुन्या घरांच्या भिंती फुटल्या, तेव्हा फोटोवाले कुठे होते?

पायवाट : हा मुद्दा बरोबर आहे. दुर्दैवाने तुम्ही मांडलात. पण धाग्याचा गोवा केलात सगळ्यांनी.

सोबतीण : एक खिडकी अजून माळ्यावर आहे. म्हापशेकर, हवी तर घेऊन जा. वाळवी फुकट.