मदत हवी आहे: पोस्टग्रेसचे तक्ते आरडीएफमध्ये नेताना गावाच्या दुव्यांचा घोळ

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या ग्रंथालयांची एकत्र सूची पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आहे. तक्ते चारच: गाव, ग्रंथालय, पुस्तक, लेखक, शिवाय पुस्तक-लेखक जोडतक्ता. डेटा जागेवरच ठेवून, तक्ते आरडीएफसारखे (सब्जेक्ट-प्रेडिकेट-ऑब्जेक्ट अशा त्रिकूटांत, म्हणजे ट्रिपलमध्ये) दाखवणाऱ्या ऑन्टॉप या साधनातून स्पार्कल (आरडीएफची क्वेरी भाषा) चालवायचं आणि लेखकावरून पुस्तक, पुस्तकावरून गाव असं ब्राउझ करायचं आहे.

डायरेक्ट मॅपिंग (तक्त्यांचं आपोआप होणारं ठरावीक रूपांतर) सोडून दिलं, कारण त्यात जोडतक्त्याची प्रत्येक ओळ वेगळा नोड होते. आर-टू-आरएमएल या मॅपिंग भाषेत त्या तक्त्यावर स्वतंत्र ट्रिपल्स मॅप (ओळींतून ट्रिपल बनवायचा नियम) लिहिला: सब्जेक्ट पुस्तक-आयडीवरून, ऑब्जेक्ट लेखक-आयडीवरून, क्लास नाही. हे चोख चालतं.

अडतंय ते गावाशी. आधी गावाचा आयआरआय (आरडीएफमधला वेब-पत्त्यासारखा ओळखदुवा) नावावरून बनवला होता. ‘कऱ्हाड’मधला ऱ कुठे एकच कॅरेक्टर, कुठे र अधिक नुक्ता (खालचं टिंब). दिसायला सारखंच, आयआरआय मात्र दोन. (‘कराड’ ही तिसरी तऱ्हा!) म्हणून गावकोड घेतला. तर तो गाव तक्त्यात पूर्णांक आणि ग्रंथालय तक्त्यात शून्यं लावलेला मजकूर निघाला: ५७ आणि ००००५७. जोडणी रिकामी येते, एररही दिसत नाही.

व्ह्यूमध्ये (साठवलेल्या क्वेरीत) कोड कास्ट केल्यावर, म्हणजे दोन्हीकडे एकाच प्रकारात आणल्यावर, उत्तर बरोबर येतं, पण व्ह्यूला प्रायमरी की नसल्याने ऑन्टॉप फालतू सेल्फ-जॉइन (तक्त्याची स्वतःशीच जोडणी) गाळत नाही आणि क्वेरी रेंगाळते. मूळ तक्ते बदलायची परवानगी नाही.

कुणी ऑन्टॉपच्या लेन्समध्ये (ऑन्टॉपच्याच बाजूने जेसन फाइलीत लिहिलेला व्ह्यू) युनिक आणि फॉरेन की जाहीर करून हे सोडवलंय का? असेल तर जेसनचा छोटा नमुना द्याल? की सरळ रात्री एकदा सगळे ट्रिपल काढून ट्रिपलस्टोअरमध्ये भरणंच बरं?